तक्त्यातली माणसं

मूत्रपिंडाचा कर्करोग झालेला माणूस किती जगेल, याचा अंदाज बांधण्यासाठी डॉक्टरांकडे एक यादी असते. गाठ किती सेंटीमीटरची, ती मूत्रपिंडाबाहेर पडली आहे का, सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केंद्रकं किती बेढब दिसतात, गाठीचा काही भाग आतल्या आत मेला आहे का, रक्तात हिमोग्लोबिन किती, कॅल्शियम किती, माणूस आपली कामं आपण करतो का. माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या आजारपणात ही यादी मला पाठ झाली. जन्मभर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे आकड्यांचं भय कधी वाटलं नाही. पण आता या यादीतल्या एकेका नोंदीवर नजर गेली की आधी माणूस दिसतो, मग आकडा. त्यातल्या काहींना मी भेटलो. बहुतेकांना कधीच भेटणार नाही. त्यांचं देणं फिटण्यासारखं नाही; निदान ते लिहून ठेवावं म्हणून हे लिहितो आहे.

पहिलं देणं परभणीतल्या सोनोग्राफीच्या डॉक्टरबाईंचं.

२०१४ साल. पावसानं दगा दिलेला, मानवत तालुक्यातल्या आमच्या रानात कापूस गुडघ्याच्या वर आला नव्हता. अण्णांना जेवल्यावर उजव्या बरगडीखाली दुखायचं. गावच्या डॉक्टरांना पित्ताशयात खडे असावेत असं वाटलं आणि त्यांनी चिठ्ठी दिली. चिठ्ठीत फक्त पित्ताशय पाहायला सांगितलं होतं. बाईंनी पाहिलं, पित्ताशय साफ होतं. बाहेर तीस-चाळीस माणसं खोळंबली होती. त्यांनी तिथंच हात उचलला असता, अहवालात ‘खडे नाहीत’ लिहिलं असतं, तरी त्यांना कोणी काही म्हटलं नसतं. त्यांनी अण्णांना कुशीवर वळायला लावलं आणि डाव्या बाजूला यंत्र फिरवलं. डाव्या मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला सहा सेंटीमीटरच्या आसपासची घट्ट गाठ होती. मला आत बोलावून म्हणाल्या, “सर, यांच्या लघवीला कधी लाल गेलं होतं का?” नव्हतं गेलं. “मग चांगलंच आहे. पण आजच्या आज सीटी करून घ्या, उद्यावर टाकू नका.” सीटीच्या केंद्रावर त्यांनी स्वतः फोन लावला.

त्यांच्या ‘चांगलंच आहे’ या बोलण्याचा अर्थ मला पुढे कळला. मूत्रपिंड पोटाच्या मागच्या भिंतीला, बरगड्यांच्या आडोशाला असतं. तिथली गाठ बरीच मोठी होईपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही. जुन्या पुस्तकांत तीन लक्षणं सांगितलेली असत: लघवीतून रक्त, कुशीत दुखणं आणि हाताला लागणारी गाठ. ही तिन्ही एकत्र दिसतात तेव्हा बहुतेकदा आजार पुढे गेलेला असतो, आणि आता दहातल्या एकातही ती एकत्र सापडत नाहीत. आज जगात निम्म्याहून जास्त गाठी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत अचानक दिसतात. अशा गाठी सहसा लहान असतात, आणि असे रुग्ण जास्त जगतात. गाठ मूत्रपिंडापुरतीच असेल तर ४ सेंटीमीटरपर्यंत एक पायरी, ४ ते ७ दुसरी, ७ च्या वर तिसरी. रक्तवाहिनीत किंवा भोवतालच्या चरबीत शिरली की त्याच्याही पुढची. ही पायरी म्हणजे जगण्याच्या अंदाजातला सगळ्यात वजनदार घटक. पुस्तकात तो रोगाचा गुणधर्म म्हणून लिहिलेला असतो. अण्णांच्या बाबतीत तो एका बाईंच्या मनगटाचाही होता. चिठ्ठीपलीकडे त्यांनी हात फिरवला नसता, तर ती गाठ आणखी दोन हंगाम वाढली असती.

आमच्या भागातून मुंबईला, परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयात जायचं म्हणजे संध्याकाळी परभणीला देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसायचं आणि सकाळी दादरला उतरायचं. त्या डब्यात एक्स-रेची मोठी पाकिटं छातीशी धरलेली माणसं हटकून दिसतात. टाटा रुग्णालय १९४१ सालचं. पूर्णेपासून सेलूपर्यंतच्या लोकांना ते आपल्या जिल्ह्यातलंच वाटतं, इतकं तिथं जाणं-येणं आहे. अण्णांचं रेशनकार्ड केशरी होतं आणि जीवनदायी योजना आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात आमच्या जिल्ह्याला लागू झाली होती, म्हणून शस्त्रक्रियेचा मोठा भार उतरला. वहिनींची आणि माझी सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत लागली.

शस्त्रक्रियेआधी अण्णांनी एकच विचारलं होतं, “एक काढल्यावर दुसऱ्या एकट्याच्यानं भागतंय का?” डॉक्टर म्हणाले, भागतं. हे इतक्या सहज सांगता येतं, यामागेसुद्धा कोणीतरी आहे. २ ऑगस्ट १८६९ रोजी जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये गुस्ताव सिमोन या शल्यविशारदानं मार्गारेथा कोल्ब नावाच्या बाईचं एक मूत्रपिंड ठरवून काढलं. तिला कर्करोग नव्हता; मूत्रवाहिनीला भोक पडून लघवी सतत गळत होती आणि आधीचे उपाय हरले होते. एका मूत्रपिंडावर जनावर जगतं, हे सिमोननं कुत्र्यांवर पाहून ठेवलं होतं. पण अशी ठरवून केलेली शस्त्रक्रिया माणसावर तोवर झालेली नव्हती. ती बाई टेबलावर झोपली आणि जगली. अण्णांना मिळालेल्या त्या एका शब्दाच्या उत्तराला तिची सही आहे, असं मी मानतो.

दुसरं मोठं देणं अशा माणसाचं, ज्याचा चेहरा मी पाहिला नाही. काढलेलं मूत्रपिंड पॅथॉलॉजीत जातं. आमच्याच नात्यातल्या एकाची अशीच शस्त्रक्रिया दुसऱ्या एका शहरात झाली होती आणि त्याच्या अहवालात जेमतेम दोन ओळी होत्या: गाठ कर्करोगाची आहे, कडा मोकळ्या आहेत. अण्णांचा अहवाल दोन पानी होता. पेशींचा प्रकार क्लिअर सेल. मूत्रपिंडाच्या कर्करोगांत चारातले तीन याच प्रकारचे. पेशीतली चरबी आणि साखर प्रक्रियेत विरघळून जाते, म्हणून पेशी काचेखाली रिकाम्या, पांढुरक्या दिसतात. फुरमन ग्रेड ३. सूझन फुरमन या डॉक्टरांनी १९८२ साली केंद्रकांच्या आकारावरून केलेल्या या चार पायऱ्या. तिसरी म्हणजे पेशी बऱ्याच बिघडलेल्या. गाठीच्या आत मृत पेशींचे पट्टे होते. आणि एक ओळ अशी, जी मी तेव्हा समजून न घेता वाचली: मूत्रपिंडाच्या आतल्या खळग्यातल्या चरबीत गाठ शिरलेली आहे.

सीटीत हे दिसलं नव्हतं. सीटीप्रमाणे गाठ मूत्रपिंडापुरती, म्हणजे दुसऱ्या पायरीवर होती. या ओळीनं ती रक्तवाहिन्यांच्या आणि चरबीच्या पायरीवर गेली. तिथल्या निवासी डॉक्टरनं मला एका कोऱ्या कागदावर समजावून सांगितलं. तो आमच्याच मराठवाड्यातला, हिंगोलीकडचा. माझी शिक्षकी कळल्यावर त्यानं गणितच मांडलं. मूत्रपिंडाला बाहेरून पातळ पण चिवट आवरण असतं. आतल्या बाजूला, जिथं शिरा आणि लघवीची पोकळी एकत्र येतात, तिथं असं आवरण नाही. गाठ तिथून गुपचूप बाहेर पडते. नमुना कापणाऱ्यानं नेमक्या त्या जागेचे तुकडे घेतले नाहीत, तर ते कोणालाच कळत नाही, आणि रुग्ण कागदावर सुखरूप राहतो.

मग त्यानं गुण मांडले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९७० ते २००० या काळात शस्त्रक्रिया झालेल्या क्लिअर सेलच्या १,६७१ रुग्णांच्या नोंदींवरून डॉ. लाइबोविच आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ही रीत बसवली. पायरीचे गुण, लसिकाग्रंथींचे, आकाराचे, ग्रेडचे, मृत पेशींचे. अण्णांच्या पायरीचे ४, ग्रेडचा १, मृत पेशींचा १. एकूण ६. शून्य ते दोन गुणांच्या रुग्णांत शंभरातले सत्त्याण्णव जण पाच वर्षांनंतरही रोग न पसरता राहिले होते. तीन ते पाचमध्ये चौऱ्याहत्तर. सहा आणि त्यावर एकतीस.

“सीटीवरच थांबलो असतो तर?” मी विचारलं.

“पायरीचे दोनच गुण पडले असते. एकूण चार. मधला गट.”

“म्हणजे हा अहवाल आला नसता तर बरं वाटलं असतं.”

“बरं वाटलं असतं सर. पण मधल्या गटाला छातीचा सीटी आम्ही इतक्या लवकर लवकर काढत नाही.”

त्या काळी शस्त्रक्रियेनंतर रोग परतू नये म्हणून द्यावं असं खात्रीचं औषध नव्हतं. तसं पहिलं इम्युनोथेरपीचं औषध २०२१ मध्ये पुढे आलं. अण्णांसाठी होती ती फक्त पाळत. ती जास्त गुणांमुळे जास्त कडक झाली आणि २०१७ मध्ये फुप्फुसातल्या गाठी हरभऱ्यापेक्षा लहान असताना सापडल्या. सीटीच्या खोलीतल्या यंत्रानं त्या दाखवल्या खऱ्या, पण तिकडे बघायला लावलं पॅथॉलॉजीतल्या त्या हातांनी.

आता यादी बदलली. रोग पसरल्यावर आकार आणि ग्रेड मागे पडतात आणि दुसरेच प्रश्न पुढे येतात. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. मोत्झर यांनी ६७० रुग्णांवरून पाच घटक काढले होते. २००९ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीचे डॉ. डॅनियल हेंग आणि सहकाऱ्यांनी नव्या गोळ्या घेतलेल्या ६४५ रुग्णांवरून ते सुधारून सहा केले. आज जगभर हेच सहा वापरतात. हिमोग्लोबिन कमी, कॅल्शियम जास्त, न्यूट्रोफिल पेशी जास्त, प्लेटलेट जास्त, निदानापासून वर्षाच्या आत पसरलेल्या रोगाचं औषध सुरू करावं लागणं, आणि माणसाची कामाची ताकद ऐंशीच्या खाली. यातलं एकही लागू नसेल तर चांगला गट, एक-दोन लागू असतील तर मधला, तीन किंवा जास्त असतील तर वाईट.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी फार वेळ त्याच कागदाशी बसून राहिलो. यातल्या चार गोष्टी मानवतच्या एखाद्या साध्या रक्त तपासणीच्या दुकानातही कळतात. उरलेल्या दोन यंत्राशिवाय कळतात. त्यासाठी रुग्णाला विचारावं लागतं. केव्हा कळलं? आणि काय काय करता? एवढ्या भयंकर आजारात माणसाचं पुढचं आयुष्य सांगणारी कसोटी इतकी साधी, गरिबाच्या आवाक्यातली असावी, याचं मला आजही नवल वाटतं.

कामाची ताकद मोजण्याची पट्टी कार्नोफ्स्की या डॉक्टरांच्या नावाची, १९४९ सालची. शंभर म्हणजे ठणठणीत. ऐंशी म्हणजे आपलं नेहमीचं काम करतो, पण कष्ट पडतात. सत्तर म्हणजे अंघोळ-जेवण आपलं आपण, पण नेहमीचं काम होत नाही. रेघ ऐंशीवर आहे. हा आकडा कोणत्याही यंत्रात येत नाही, डॉक्टरनं विचारलेल्या प्रश्नात येतो. अण्णांना एका मोठ्या डॉक्टरांनी इंग्रजी वळणाच्या हिंदीत विचारलं, रोजचं काम करता का? अण्णा गप्प बसले. त्यांच्या मते रोजचं काम म्हणजे वखर हाकणं, आणि ते दोन वर्षांपासून पुतण्या करत होता. तोच हिंगोलीकडचा डॉक्टर शेजारी उभा होता, आता वरच्या पदावर गेलेला. त्यानं विचारलं, “अण्णा, रानात जाता का अजून?”

“जायलोय की. सकाळी पाणी देतो, सालगड्याबरोबर खुरपायला बसतो. उनं चढली की आखाड्यावर येऊन पडतो थोडं.”

“आणि परत चालत येता?”

“मग काय उचलून आणतेत?”

डॉक्टरनं कागदावर ऐंशी लिहिलं. ‘आखाडा’ म्हणजे रानातली गोठ्याची आणि निवाऱ्याची जागा, हे परभणी-हिंगोलीच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या आखाड्यापर्यंत जाऊन परत येणाऱ्याची ताकद किती, हेही सांगावं लागत नाही. प्रश्न नीट पडला नसता तर तिथं सत्तर लागले असते. अण्णांचं हिमोग्लोबिन तेव्हा १०.८ होतं, म्हणजे एक घटक आधीच लागू होता. मधला गट तरीही मधलाच राहिला असता, पण दोन घटक आणि एक घटक यांत माझ्यासारख्याला फरक वाटतो.

मधल्या गटाच्या पुढे तक्त्यात लिहिलं होतं: २७ महिने. घरी हा आकडा कसा कोण जाणे फुटला, आणि भावकीत बोलणं सुरू झालं की अण्णांना डॉक्टरांनी सव्वादोन वर्षं दिली आहेत. वहिनींनी चुलीपुढे बसल्या बसल्या मला विचारलं. मी त्यांना माझा वर्ग आठवायला सांगितला. पस्तीस पोरं उंचीनं ओळीत उभी केली की मधलं पोरगं अठरावं. त्याची उंची म्हणजे मध्यांक. त्याच्या पलीकडे सतरा पोरं त्याच्याहून उंच उभी असतात, आणि शेवटचं किती उंच, हे मधल्यावरून कळत नाही. २७ हा त्या ओळीतल्या मधल्या माणसाचा आकडा आहे. अण्णा ओळीत कुठं उभे आहेत हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. वहिनी म्हणाल्या, “मग ते पलीकडच्या अंगाला असतील.” त्या दिवशी त्यांनी भाकरी केल्या आणि सगळ्यांना वाढल्या.

मला स्वतःला मात्र त्या ओळीतली बाकीची माणसं सोडवेनात. हे ६४५ जण कोण होते? प्रत्येकाचं औषध कधी सुरू झालं, आणि तो कधी गेला किंवा शेवटचा कधी भेटला, हे कोणीतरी लिहून ठेवलं होतं. १९५८ साली कॅपलान आणि मायर या दोघांनी जी रीत शोधली, तिच्यात मध्येच यायचे थांबलेले, हरवलेले रुग्णही वाया जात नाहीत. ज्या दिवसापर्यंत ते दिसले त्या दिवसापर्यंत ते गणतीत असतात. गणित म्हणून मला ही रीत फार सुंदर वाटते. अण्णांच्या आधी त्या वाटेनं गेलेल्या प्रत्येकानं, परत न आलेल्यानंसुद्धा, आपापले महिने आमच्या हिशेबात घालून ठेवले होते.

औषधाच्या बाबतीत हे देणं आणखी जड आहे. त्या काळी पहिल्या पसंतीच्या गोळ्या दुसऱ्या होत्या. आमच्या आवाक्यात आली ती सोराफेनिब. ती उपयोगी पडते हे ९०३ रुग्णांच्या चाचणीनं दाखवलं. त्यातल्या ४५१ जणांना खरं औषध मिळालं, ४५२ जणांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. खरी गोळी घेणाऱ्यांत रोग साधारण साडेपाच महिने थोपून राहिला, दुसऱ्यांत २.८ महिने. आपल्या वाट्याला कोणती येणार हे माहीत नसताना त्या माणसांनी हाताची ओंजळ पुढे केली. आठवडे जात होते, गाठ वाढत होती. दोन्ही बाजू असल्याशिवाय फरक मोजता येत नाही. अण्णांच्या तळहातावरच्या रोजच्या चार गोळ्या, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन, त्या ४५२ जणांच्याही होत्या.

आणि ती गोळी आवाक्यात आली कशी? जर्मन कंपनीची ही गोळी भारतात महिन्याला सुमारे २,८०,००० रुपयांना होती. हैदराबादच्या नॅटको कंपनीनं ती बनवण्याचा परवाना मागितला. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबईच्या कार्यालयातून आदेश काढला: मूळ कंपनीची गोळी देशातल्या गरजूंपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत पोहोचली, किंमत परवडणारी नाही, म्हणून नॅटकोनं ती महिन्याला ८,८८० रुपयांत विकावी, मूळ कंपनीला विक्रीचे ६ टक्के द्यावेत आणि दरवर्षी निदान ६०० गरीब रुग्णांना फुकट पुरवावी. भारतात असा सक्तीचा परवाना पहिल्यांदाच दिला गेला. पुढे अपील झालं, स्वामित्वाची रक्कम ७ टक्क्यांवर गेली, पण परवाना टिकला. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो उलटवायला नकार दिला. त्याच हिवाळ्यात अण्णांचं मूत्रपिंड निघालं होतं, आणि या निकालाशी आपला काही संबंध आहे याची आमच्या घरात कोणाला कल्पना नव्हती. देवगिरीच्या रुळाच्या एका टोकाला मुंबई, दुसऱ्या टोकाला हैदराबाद. दोन्ही टोकांना आमच्यासाठी कोणीतरी भांडलं होतं.

एका बाईंचं देणं सगळ्यांत अवघड. धर्मशाळेत आमच्या शेजारी वाशीमकडचं एक जोडपं होतं. नवऱ्याला अण्णांचाच आजार, अण्णांचीच गोळी. तो फार पाणी प्यायचा, दिवसभर पेंगायचा, बोलता बोलता भलतंच बोलायचा. मुंबईच्या उकाड्यानं होत असेल असं आम्हाला वाटलं. रक्तात कॅल्शियम चढलं होतं. या आजारात गाठच असा पदार्थ सोडते की हाडांतून कॅल्शियम सुटून रक्तात येतं. कधी हाडात पसरलेली गाठ ते सोडवते. वहिनींनी मला विचारलं होतं की दूध बंद करायचं का. दुधाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. कॅल्शियम, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, सगळं मिळून तो वाईट गटात होता. त्या गटाच्या पुढे तक्त्यात ८.८ महिने होते. तो तेवढाही टिकला नाही. बाई सामान आवरत होत्या तेव्हा मी स्टेशनवर सोडायला येतो म्हणालो. त्यांनी पिशवीतून सील न फोडलेली एक डबी काढली.

“भाऊ, ह्या गोया आता मले कायले? तुमच्या अण्णाले लागतीन.”

मी पैसे पुढे केले. त्यांनी माझा हात मागे सारला आणि म्हणाल्या, “त्यायच्या नावानं घ्या.” डबी आधी डॉक्टरांना दाखवली, तारीख तपासली, मग अण्णांना दिली. ती कोणाची हे अण्णांना सांगावं की नाही, यावर मी आणि वहिनी रात्रभर बोललो. सांगितलं. अण्णा त्या महिन्यात गोळी घेण्याआधी दोन्ही हात जोडायचे.

गोळीनं तळहात-तळपाय सोलून निघाले. खुरपं धरवेना, रानात अनवाणी चालणारा माणूस मऊ चप्पल घालून बांधावर बसू लागला. रक्तदाब वाढला, जुलाब झाले, मात्रा कमी करावी लागली. दीडेक वर्षानं गाठी पुन्हा वाढल्या आणि औषध बदललं. नंतरच्या काळात मधल्या आणि वाईट गटांसाठी इम्युनोथेरपीची जोडऔषधं आली. आता तो तक्ता नुसतं भाकीत सांगत नाही, कोणाला काय द्यायचं हेही ठरवतो, आणि २००९ चे महिने आज जुने झाले आहेत. अण्णांपर्यंत त्यातलं सगळं पोहोचलं नाही. तरी २७ महिने केव्हाच मागे पडले. रोग पसरल्यापासून चार वर्षांहून जास्त काळ ते राहिले. धाकट्या लेकीला परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेताना त्यांनी पाहिलं. ती पिकांच्या रोगांवर पुढे शिकते आहे. २०२१ च्या शेवटी, तूर शेंगांवर असताना, ते गेले. घरीच, वहिनींच्या आणि माझ्यासमोर.

पुढच्या उन्हाळ्यात परळहून फोन आला. एक मुलगी बोलत होती, आवाजावरून नवीनच लागलेली. अण्णांचं नाव आणि फाईलचा नंबर सांगून म्हणाली, “पेशंट आता कसे आहेत?” मी सांगितलं. ती क्षणभर थांबली, माफ करा म्हणाली आणि फोन ठेवू लागली. मी तिला ठेवू दिला नाही. तारीख सांगितली. ती लिहून घेईपर्यंत थांबलो. कशानं गेले, तेही सांगितलं: याच आजारानं, दुसऱ्या कशानं नाही, कारण तक्त्यात हा फरक धरतात. गोळी कधी सुरू झाली, कधी मात्रा कमी झाली, कधी बदलली, हे तिच्याकडे आहे का ते विचारलं. एक तारीख नव्हती, ती मी वहीतून वाचून दाखवली. मग तिनं पत्ता पडताळला. तालुका तिच्याकडे चुकीचा नोंदलेला होता. मी म्हणालो, “मानवत. जिल्हा परभणी. तेवढं दुरुस्त करा.”

“केलं सर,” ती म्हणाली, आणि तिनं पुढचा नंबर लावला असावा.